राजाच्या चितेवर एक लाकडी फूल

थायलंडचे राजे भूमिबल अतुल्यतेज १३ ऑक्टोबर २०१६ रोजी बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयात वारले. वय ८८, राज्यकाल ७० वर्षांचा. बहुतेक प्रजेने जन्मापासून दुसरा राजा पाहिलाच नव्हता. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे रंग गेले. काळ्या कपड्यांचा बाजारात तुटवडा पडला, तेव्हा लोक मोठाल्या पातेल्यांत पाणी उकळून आपले रंगीत सदरे काळे करू लागले. ती छायाचित्रे पाहताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो सरळ होता : हे रडणे खरे की हुकमाचे? पुढे या विषयावर वाचत गेलो, तेव्हा वाटू लागले की माझा प्रश्नच थोडा चुकला होता.

राजाचा देह राजवाड्यातल्या दुसित महाप्रासादात ठेवला होता. भिक्षू तिथे अभिधम्माचे पठण करीत. सातवा, पंधरावा, पन्नासावा, शंभरावा असे दिवस विधिपूर्वक पाळले गेले. २९ ऑक्टोबर २०१६ पासून सामान्य लोकांना दर्शन खुले झाले आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरापर्यंत सव्वा कोटीहून अधिक माणसे त्या दालनातून गेली. कित्येक तास रांगेत उभे राहायचे आणि आत गेल्यावर काही क्षणांत जमिनीला कपाळ टेकून उठायचे. रांगेतल्यांना खाऊ घालणाऱ्या स्वयंसेवकांना हे निव्वळ समाजकार्य वाटत नव्हते. थाई बोलीत याला ‘थाम बुन’ म्हणतात. ‘बुन’ म्हणजे आपले पुण्य, पालीतल्या ‘पुञ्ञ’ शब्दावरून आलेले. जिवंत माणसाने पुण्य जोडायचे आणि ते मृताच्या नावे अर्पण करायचे, ही थेरवादी बौद्धांची रीत. भाताचा एक डबाही राजाच्या पुढच्या वाटचालीची शिदोरी होऊ शकतो.

चितेची जागा ठरलेली होती, राजवाड्याजवळचे सनाम लुआंग मैदान. त्याचे जुने नाव ‘थुंग फ्रा मेन’, आणि यातला ‘मेन’ म्हणजे आपला मेरू पर्वत. राजा देवलोकातून आला आणि मेरूवरच्या आपल्या स्थानी परत चालला, ही त्यामागची कल्पना. म्हणून सुमारे ५० मीटर उंचीचा, नऊ शिखरांचा सोनेरी मेरू तिथे उभा राहिला. भोवती ब्रह्मा, विष्णू, शिव, इंद्र यांच्या मूर्ती होत्या. राजाच्या लाडक्या कुत्र्यांच्याही होत्या. प्रवेशापाशी थाई नऊच्या आकड्याच्या आकाराचे भातखाचर केले होते, कारण हा घराण्यातला नववा राजा. १७९५ साली घडवलेला महाविजय राजरथ दोनशेहून अधिक माणसांनी ओढला. रथावर राजकुंभ होता. पूर्वी या कुंभात राजाचा देह बसवीत. आता देह शवपेटीत असतो आणि कुंभ मानापुरता राहिला आहे.

विधी अचल असतो असे आपण मानतो, पण इथे तो सतत बदललेला दिसतो. जुन्या सयामात राजा गेला की प्रजेने क्षौर करायचे असा रिवाज होता, तो मागे पडला. १९१० साली वारलेल्या चुलालोंगकोर्न राजाने स्वतःच सांगून ठेवले होते की आपल्या चितेसाठी डोंगराएवढी वास्तू उभारून पैसा आणि श्रम उधळू नयेत. भूमिबल यांचे थोरले बंधू आनंद महिडोल जून १९४६ मध्ये गेले. त्यांचे दहन झाले ते मार्च १९५० मध्ये, जवळजवळ चार वर्षांनी. म्हणजे किती दिवस, किती उंच, किती खर्च, हे प्रत्येक वेळी हयात असलेल्यांनी ठरवले आहे.

२०१६ साली हे ठरवणारे सरकार लष्करी उठावातून आलेले होते. राजाच्या अवमानाबद्दल ३ ते १५ वर्षे तुरुंगवास सांगणारे ११२ वे कलम हाताशी होतेच. को समुई बेटावर राजाबद्दल अनुचित लिहिल्याच्या आरोपावरून एका बाईला जमावासमोर राजाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकायला लावले. फुकेतमध्ये अशाच आरोपावरून एका दुकानाला जमावाने वेढा घातला. काळे कपडे न घालणाऱ्यांना रस्त्यात जाब विचारला जाऊ लागला, तेव्हा सरकारलाच सांगावे लागले की काहींना ते परवडत नसतील, जरा समजून घ्या.

इथे मला माझ्या प्रश्नातली चूक कळली. मूळ विधी कोणाचेही अश्रू मोजत नाही. तो माणसाला फक्त एक काम देतो. थाई अंत्ययात्रेत प्रत्येक जण चितेपाशी ‘दोक माय चान’ वाहतो. हे लाकडाच्या पातळ सालींचे चंदनफूल. राजासाठी देशभर लोकांनी घरात, शाळेत, देवळात बसून अशी फुले वळली आणि गावोगावच्या प्रतिकृती-चितांपाशी वाहिली. फूल वळणाऱ्याच्या मनात काय आहे, हे विधी विचारत नाही. गुडघे टेकायला लावणारा जमाव मात्र नेमके तेच विचारतो. दुःख खरे होते की नाही, यापेक्षा दुःख न करण्याची मुभा होती की नाही, हा खरा प्रश्न. तसबिरीपुढे बसवलेल्या त्या बाईला ती नव्हती.

२६ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री दहन झाले. दिवसभराचे सारे विधी जगाला दाखवले गेले. प्रत्यक्ष अग्नी मात्र दूरचित्रवाणीवर दिसला नाही. सव्वा कोटी दर्शने झाली, पण शेवटचा क्षण घरच्यांचाच राहिला.

त्या दिवसांत बँकॉक झेंडूने पिवळे झाले होते. राजाचा जन्म सोमवारचा, आणि थाई समजुतीप्रमाणे सोमवारचा रंग पिवळा. म्हणून दहनाच्या सुमारास फुलतील अशा बेताने लोकांनी झेंडू लावले होते. आदल्याच आठवड्यात आपल्याकडे दिवाळी झाली होती आणि दारोदारची झेंडूची तोरणे अजून पुरती सुकली नव्हती. फूल तेच. इथे सणाचे, तिथे शोकाचे.

पुढे काही आठवडे लोकांना तो मेरू आतून पाहू दिला आणि मग मांडव उतरवावा तसा उतरवला. पर्वत उभारायचा, आणि काम झाले की मोडायचा. अनित्यतेचा बौद्ध धडा याहून उघड कसा असेल? ११२ वे कलम मात्र कोणी उतरवले नाही.