एका चाकूला दोन पाणी

खिशात मावणारा घडीचा चाकू ही तशी क्षुल्लक वस्तू. परंतु घरच्या कार्यशाळेत तो बनवायला घेतला, की धातुशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न लगेच समोर येतो. पात्याची धार टिकायला हवी, म्हणून ते कठीण हवे. मुठीच्या पाठीवरची स्प्रिंग हजारो वेळा वाकून पुन्हा सरळ व्हायला हवी, म्हणून ती चिवट हवी. हे दोन्ही भाग एकाच पोलादी पट्टीतून कापता येतात. मग त्यांच्यात फरक येतो कोठून? लोहार म्हणेल, पाणी देण्यातून.

घडीचे चाकू रोमन काळातही होते. मात्र पाते जागेवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचे चाकू इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकात रूढ केले. पात्याचे मूळ साधारण चौकोनी असते आणि स्प्रिंग त्यावर टेकलेली असते. पाते फिरवताना चौकोनाचा कोपरा स्प्रिंगला उचलतो. पुढची सपाट बाजू आली की स्प्रिंग खाली बसते. चाकू उघडा असो वा मिटलेला, स्प्रिंग एकाच उंचीवर बसायची, तर त्या दोन्ही बाजू रिव्हेटच्या केंद्रापासून समान अंतरावर हव्यात. म्हणून कारागीर आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतो, टाचणीवर फिरवून पाहतो आणि मगच पोलादाला हात लावतो. वर्गात भूमितीच्या तासाला हा पुठ्ठ्याचा नमुना सहज करता येईल.

आता पाण्याविषयी. लाल तापवलेले पोलाद एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, की ते कठीण होते, पण ठिसूळही होते. ते घासून चकचकीत केले आणि पुन्हा बेताने तापवले, तर पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग उमटतात. सुमारे 230 अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, 300 च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलो तर पाते मिळते, निळ्यावर थांबलो तर स्प्रिंग. तापमापक नसतानाही लोहाराला तापमान कळत होते, ते असे.

पोलादाची परीक्षा चाकू करूनच घ्यावी, ही रीत शास्त्रज्ञांनीही उचलली. त्या कथेची सुरुवात मुंबईत होते. 1794 मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' नावाच्या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. बँक्स यांनी जेम्स स्टोडार्ट या शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारागिराला त्यातून लेखणी तासण्याचा चाकू करायला सांगितले. असा चाकू कधी घडीचा असे, कधी सरळ मुठीचा. पण पिसाची लेखणी तासायला धार अत्यंत बारीक लागे. स्टोडार्टने हा तुकडा फक्त अंधारात दिसेल इतक्या मंद लालीवर घडवला आणि 450 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 232 अंश सेल्सिअसला, त्याचा ठिसूळपणा उतरवला. चाकू उत्तम पोलादाच्या तोडीचा निघाला. पुढे स्टोडार्ट वुट्झला युरोपातल्या पोलादापेक्षा सरस मानू लागला.

चाकूने दिलेला निकाल बरोबर होता. रसायनशास्त्र मात्र काही काळ चाचपडत राहिले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी वुट्झचे वैशिष्ट्य त्यातील ऑक्साइडमध्ये आहे, असा निष्कर्ष काढला. 1805 मध्ये डेव्हिड मशेट यांनी कार्बनचे प्रमाण जास्त असल्याचे ओळखले. 1819 मध्ये मायकेल फॅरडे यांना वुट्झमध्ये ॲल्युमिना व सिलिका आढळले आणि त्यांचे लक्ष तिकडे वळले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. स्टोडार्टबरोबर त्यांनी पोलादाच्या अनेक मिश्रधातूंवर प्रयोग केले. वुट्झचे कोडे सुटले नाही, पण मिश्र पोलादांच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. त्याच सुमारास पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआं यांनी जास्त कार्बन आणि सावकाश निवणे हीच खरी कारणे असल्याचे दाखवले. वुट्झमध्ये कार्बन साधारण 1 ते 2 टक्के असतो. असे पोलाद फार तापवून ठोकले तर फुटते. स्टोडार्टची मंद लाली म्हणूनच मोलाची होती.

वुट्झ बनवण्याचे एक नामांकित ठिकाण म्हणजे आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम. डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी तेथील मुशींचे केलेले वर्णन 1832 मध्ये कलकत्त्याला छापले गेले. तेथे दोन प्रकारचे लोखंड एकत्र करून मुशीत पोलाद बनवत आणि ते न्यायला इराणातून व्यापारी येत. पैठण रस्त्यावरचे आमचे बिडकीन आणि कोनसमुद्रम ही दोन्ही गावे 1948 पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात होती. स्कॉट, पिअर्सन, फॅरडे ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. मुंबईहून गेलेले ते पोलाद ज्यांनी मुशीत पिकवले, त्यांतले एकही नाव आपल्याजवळ नाही.

बिडकीनच्या शिवारात आज मोठी औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. तेथे पोलादाची कठिणता यंत्रे मोजतील. पण मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांतून विळे-खुरपी घडवणारा लोहार आपल्या आसपासच्या गावांत अजून भेटतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन एकदा त्याच्याकडे जावे. भट्टीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, कोणता रंग आला की तो हात थांबवतो, हे विचारावे. ते उत्तर वहीत उतरवावे आणि त्याखाली त्याचे नाव लिहायला विसरू नये.