रेतीघाटाच्या पर्यावरण मंजुरीची कुळकथा

वर्धा नदी अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहते, तर पूर्णा अमरावती आणि अकोल्याच्या गाळाच्या सपाटीतून. नदीपात्रात जिथून रेती उचलतात तो रेतीघाट. आज घाटातून उपसा करायचा तर पर्यावरण मंजुरी लागते. पूर्वी मात्र रेतीचा सगळा हिशेब महसुलाचाच होता.

1957 च्या खाण आणि खनिज कायद्याने बांधकामाचा दगड, साधी माती आणि साधी रेती यांना गौण खनिज ठरवून त्यांचे नियम राज्यांवर सोपवले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 ने खनिजावर शासनाचा हक्क नोंदवला. विनापरवाना उपशाला या कलमाखाली आता बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. म्हणूनच घाटावर पंचनाम्याला तलाठी आणि मंडळ अधिकारी जातात.

2006 च्या केंद्रीय अधिसूचनेने 5 हेक्टर आणि त्याहून मोठ्या खाणींना पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. पळवाटही तिथेच निघाली: खाणपट्ट्यांचे तुकडे पाडले की मंजुरी टळे. दीपक कुमार खटल्यात 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली आणि 5 हेक्टरखालच्या पट्ट्यांनाही मंजुरी बंधनकारक झाली. 2013 मध्ये महाराष्ट्राने गौण खनिजांचे नवे नियम केले.

जानेवारी 2016 मध्ये केंद्राने लहान पट्ट्यांची मंजुरी जिल्हास्तरीय प्राधिकरणाकडे दिली आणि जिल्हा सर्वेक्षण अहवाल आवश्यक केला. कोणत्या घाटात किती रेती आहे आणि पावसाळ्यात किती भरून येते, हे त्यात मांडायचे असते. 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या जिल्हास्तरीय व्यवस्थेवर आक्षेप घेतला आणि मंजुरीचे काम राज्य प्राधिकरणाकडे गेले. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी ड्रोन आणि कॅमेऱ्यांच्या देखरेखीवर भर दिला.

मंजुरीच्या अटींमागे नदीचे साधे शास्त्र आहे. रेतीचा थर पुराचे पाणी धरतो आणि काठच्या विहिरींना हळूहळू पुरवतो. पात्र फार खोल खणले की भूजल उतरते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणी खारट असल्याने नदीतल्या गोड्या पाण्याचे मोल आणखी मोठे. म्हणून उपशाला खोलीची मर्यादा, पुलापासून राखायचे अंतर आणि पावसाळ्यातली बंदी या अटी आल्या.

रेती ब्रासने मोजतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. रेतीच्या गाडीसोबत वाहतूक पास असावाच लागतो. पासावर गाडीचा क्रमांक, घाट आणि रेतीचे परिमाण असते. पासाने गाडीतली रेती मोजली जाते. पात्र किती खोल गेले हे मात्र घाटावर जाऊनच मोजावे लागते. मंजुरीची खरी अंमलबजावणी या दुसऱ्या मोजणीवर उभी आहे.