घरासाठी सौरवीज : बिल कमी हवे की खात्रीचा उजेड?

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळ वसलेल्या सिरोंचात ऊन मुबलक आहे. मात्र जंगलातून जाणाऱ्या वाहिनीवर वादळात झाड कोसळले, तर दुरुस्ती होईपर्यंत अंधारच असतो. त्यामुळे अपारंपरिक विजेचा पर्याय निवडताना बिल कमी करायचे आहे की वीज गेल्यावरही दिवे सुरू राहायला हवेत, हे आधी ठरवावे लागते. या दोन्ही गरजा एकाच संचातून आपोआप भागत नाहीत.

हरित वीजदर : महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये महावितरणच्या ग्राहकांना हा पर्याय दिला. त्या वेळी त्यासाठी प्रतियुनिट ६६ पैसे जादा आकार होता. महावितरण तेवढी वीज अपारंपरिक स्रोतांतून घेते. तारा व पुरवठा मात्र तोच राहतो. स्वतःचे छत नसलेल्या भाडेकरूंना तो सोयीचा असला, तरी बिल वाढते आणि खंडित पुरवठ्यावर त्याचा उपयोग होत नाही.

नेट मीटरिंग : छतावरील संचाची जादा वीज वाहिनीत जाते व बिलातून वजा होते. एक किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. वर्षभराच्या एकूण युनिटना १२ ने भागून येणाऱ्या मासिक वापरास १२० ने भागले, की आवश्यक क्षमता कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचेच हवेत. स्थिर आकार भरावाच लागतो. महिना १०० युनिटच्या आत वापर असलेल्यांना मुळातच कमी दर लागत असल्याने त्यांचा खर्च उशिरा वसूल होतो.

पुरवठा खंडित होताच असा साधा संच भर उन्हातही बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते.

बॅटरीसह हायब्रीड संच : खात्रीचा उजेड हवा असल्यास हा पर्याय उपयोगी. नऊ वॉटचे चार दिवे व ७५ वॉटचे दोन पंखे सहा तास चालविण्यास सुमारे १.१ युनिट वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट साठते. पण लेड-ॲसिड बॅटरी टिकण्यासाठी त्यातील निम्मीच वापरणे इष्ट. म्हणजे अशा दोन बॅटऱ्या हव्यात. काही वर्षांनी त्या बदलण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

पॅनेल दक्षिणाभिमुख असावेत. सिरोंचाचे अक्षांश सुमारे १९ अंश असल्याने कलही साधारण तेवढाच ठेवावा. एका पॅनेलवर सागाची सावली पडली, तरी त्याच मालिकेतील इतरांचे उत्पादन घटू शकते. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराने तालुक्यातील गावांना वेढले होते. ते ध्यानात घेऊन नदीकाठच्या घरांत इन्व्हर्टर व बॅटरी पूररेषेच्या वरच बसवावी. खरेदीपूर्वी यादीतील अधिकृत पुरवठादाराकडून 'वीज गेल्यावर काय काय चालेल' याचे उत्तर लेखी घ्यावे.