चेतकचा हिशेब

चेतकच्या आठवणी काढून हळवे होणारे पुष्कळ आहेत. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे आज आठवणी बाजूला ठेवून एक्सेल शीट उघडली. हिशेब पेट्रोलचा!

१९७२ साली बजाजची चेतक आली आणि आकुर्डीचं नाव घरोघरी पोचलं. बुकिंग केल्यावर गाडी हातात यायला वर्षं लागायची. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे सुटे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी. पण एक गोची होती. जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं आणि तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट उघडाच असतो. त्यामुळे कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते एक तृतीयांश पेट्रोल न जळताच निघून जाऊ शकतं. आमच्या भाषेत लीक! पैसे मालकाचे, धूर सगळ्या गावाचा.

१९९१ साली देशात प्रदूषणाचे नियम आले, १९९६ आणि २००० मध्ये कडक झाले. २००१ मध्ये चाकणची फोर-स्ट्रोक पल्सर आली. ही गळती बुजली, पण काम संपलं नाही. पुस्तकातल्या ऑटो सायकलच्या मॉडेलमध्ये कॉम्प्रेशन रेशो ९ घाला, कार्यक्षमता ५८ टक्के येते. प्रत्यक्षात फार तर तिशीच्या आसपास. बाकीचं एक्झॉस्टमधून, सिलिंडरच्या भिंतींतून आणि घर्षणात जातं. शिवाय पुस्तक धरून चालतं की पेट्रोल एका क्षणात जळतं. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा. त्यातले ५० अंश ज्वलनाला दिले तर हातात जेमतेम १.४ मिलिसेकंद! तेवढ्यात ज्योत सगळीकडे पोचायला हवी. म्हणून २००३ च्या डीटीएस-आय पल्सरमध्ये दोन स्पार्क प्लग आले. दोन्हीकडून पेटवा, ज्योतीला अंतर कमी.

२००९ मध्ये बजाजने स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. २०१९ मध्ये चेतक परतली ती इलेक्ट्रिक होऊन, आणि २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना सुरू झाला. मोटर वाया घालवते फारच थोडं. पण मॉडेलची चौकट जरा मोठी करून बघा मंडळी. वीज कोळशाची असेल, तर औष्णिक केंद्रात निम्म्याहून जास्त उष्णता वाया जातेच. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये रखडणाऱ्या इंजिनापेक्षा हा सौदा तरीही बरा, आणि आकुर्डीच्या चौकातली हवाही सुधारते. फक्त धूर कुणाच्या वाट्याला गेला, हा कॉलम शीटमध्ये हवा. तिथे मी सध्या ‘चंद्रपूर’ लिहिलंय.