गावठाण, वसाहत, सोसायटी

आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘इतिहासावर काहीतरी लिहा’ असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, बोअर, रस्ते, दिवे हे सगळं कार्यवृत्तात येणारच आहे. म्हणून मी जरा मागे जातो. अंथुर्णे आणि आसपासच्या भागात कोणी कुठे राहायचं हे आजवर कशावरून ठरत आलं, ते मांडतो. बँकेच्या नोकरीत गहाणखतं वाचण्यातच आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरा कुठला इतिहास येणार!

जुन्या गावठाणात घराला बाजारभाव असा फारसा नव्हता. घर वाडवडिलांकडून यायचं, आणि ते कुठल्या आळीत असणार हे जन्मानंच ठरलेलं असायचं. आपल्याकडच्या बहुतेक गावांची ठेवण सारखीच: चावडी-देवळाजवळ वाडे, पुढे बलुतेदारांची घरं आणि गावकुसाबाहेर दलित वस्ती. हातात चार पैसे आले म्हणून कुणाला आळी बदलता येत नव्हती. ‘पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने राहायचे’ असं आपण म्हणतो खरं, पण कुणाला कुठवर यायची मुभा होती, तेवढं सांगायचं विसरतो.

हे चित्र हललं ते पाण्यानं. १८८५च्या सुमारास भाटघरचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरकडे आलं आणि जिरायत रानाला किंमत आली. सासवडकडचे माळी बागायतदार इकडे आले, खंडानं जमिनी घेऊन ऊस करू लागले. १९३०च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसलं. आपल्या हाकेच्या अंतरावर वीज, दवाखाना, शाळा असलेली आखीव वसाहत झाली. कितीतरी कुटुंबं तिथं पहिल्यांदा पक्क्या छपराखाली आली, हे मान्यच केलं पाहिजे. तिथं जातीची आळी नव्हती, पण हुद्द्याची होती. साहेबाला बंगला, कामगाराला चाळीतली खोली. शिवाय ते घर नोकरीला बांधलेलं. नोकरी संपली की किल्ली परत.

१९६१च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यानं खासगी कारखान्यांची जादा जमीन सरकारकडे गेली आणि ती कसण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ झालं. वालचंदनगर आणि रत्नपुरीचे मळे त्यातलेच. जमिनीची मालकी बदलली, पण मळ्यावरच्या चाळीत राहणाऱ्याच्या नावावर पायाखालची जागा काही झाली नाही. राहण्यापुरते दोन गुंठे मिळावेत ही या कामगारांची मागणी वर्षानुवर्षांची. ऊस त्यांनी पिकवला, पण घराचा उतारा त्यांच्याकडे नव्हता.

आता सोसायटी ही कल्पना आली कुठून ते पाहू. त्यासाठी मुंबईला जावं लागेल. १९०४चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्यानं इतर संस्थांनाही वाट मिळाली आणि १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. देशातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. मध्यमवर्गीय नोकरदार एकट्यानं मुंबईत घर घेऊ शकत नव्हता. दहाजण एकत्र आले तर घरमालक आणि त्याचा नफा दोन्ही वगळता येतील, एवढा साधा हिशेब. कल्पना थोर होती, मात्र संस्था एका समाजापुरती होती. पुढे अनेक समाजांनी अशाच आपापल्या सोसायट्या केल्या. म्हणजे घरमालक गेला, पण आळी मागच्या दारानं परत आली.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी १९४७चा भाडे नियंत्रण कायदा झाला. जुन्या भाडेकरूचं छप्पर वाचलं, पण भाडं गोठल्यामुळे भाड्यासाठी इमारती बांधणं परवडेनासं झालं आणि नव्या माणसाला पागडीशिवाय खोली मिळेना. मी बँकेत होतो तेव्हा बदलीच्या गावी घर बघायला गेलो की भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जायचं. ही आळीच की, दुसरं काय?

आता माझ्या धंद्याकडे वळतो. १९६९ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शेतीला, विहिरीला, म्हशीला कर्ज मिळू लागलं. घरासाठी मात्र बराच काळ बँकांचा हात आखडताच होता. १९७७ साली एचडीएफसी निघाली, पुढे बँकाही गृहकर्जात उतरल्या. पण कर्जाला तारण लागतं आणि तारणाला कागद. गावठाणातल्या घराला सातबारा नाही. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो घरपट्टीचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. घर तीन पिढ्यांचं, चिरेबंदी, तरीही नियमाप्रमाणे अर्ज परत जायचा. मग तो माणूस सावकाराकडे जायचा. याउलट बिनशेती प्लॉट असलेल्याला कर्ज मिळे, घर होई, घराची किंमत वाढे आणि त्यावर मुलाच्या शिक्षणाला पुन्हा कर्ज मिळे. दोघांची मिळकत सारखी असली तरी वीस वर्षांत दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हा फरक कष्टाचा नसतो, कागदाचा असतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला ड्रोननं गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत गावोगाव मिळकत पत्रिका देणं सुरू झालं. उशिरा का होईना, दुखणं ओळखलं गेलं.

आपल्या सोसायटीचं मोल मला इथं दिसतं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकत्र आलो तेव्हा त्यात शिक्षक होते, कारखान्यातले फिटर होते, एसटीचे वाहक होते, मळ्यावरच्या चाळीत वाढलेलेही होते. एकट्याला बिनशेती आदेश आणि मंजूर आराखडा झेपला नसता. सगळ्यांचे हप्ते एकत्र झाले तेव्हा तो कागद हाती आला. प्लॉट वाटताना आपण चिठ्ठ्या टाकल्या. कोपऱ्याचा प्लॉट कुणाला आला, मधला कुणाला, पण मुख्याध्यापकांच्या शेजारी वॉचमन राहायला आला. आपल्या गावठाणात हे घडलं नसतं, वसाहतीतही नाही.

आज परिस्थिती निराळी आहे. बारामतीची एमआयडीसी वाढली, पालखी मार्गाचं रुंदीकरण झालं, रस्त्याकडेच्या गुंठ्याचे भाव ऐकून छाती दडपते. आपली मुलं पुण्याला किंवा परदेशात. घरं विकली जातात, भाड्यानं जातात. आणि गेल्या वार्षिक सभेत ‘घर आपल्यातल्याच माणसाला द्यावं, असा ठराव करा’ अशी सूचना आली. सूचना मांडणारे माझे मित्रच आहेत, त्यांची काळजी मी समजू शकतो. पण या ठरावाला माझा विरोध आहे आणि तो इथं नोंदवून ठेवतो.

२००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, उपविधीत तरतूद असेल तर सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असा निकाल दिला. त्याचा दाखला सभेत दिला गेला. पण आपल्या उपविधीत तशी अट नाही, पहिल्या दिवसापासून नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम २३ तर सभासदत्व खुलं ठेवायला सांगतं. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला नाकारता येत नाही. हस्तांतरणाचं अधिमूल्यही ग्रामपंचायत हद्दीत पाच हजारांच्या वर घेता येत नाही, ते याच हेतूनं. संस्थेनं दारावर जकात नाका बसवू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. ‘आपल्यातला’ म्हणजे कोण? हीच चाळणी पंचवीस वर्षांपूर्वी लावली असती तर आज या स्मरणिकेत ज्यांचे फोटो आहेत त्यातले निम्मे तरी बाहेरच राहिले असते. नव्यानं येणाऱ्याला वेळेवर वर्गणी, स्वच्छता, रात्री दहानंतर शांतता या अटी जरूर घाला. त्या सर्वांना सारख्या लागू करा, मलासुद्धा. आडनावाची अट मात्र नको.

येत्या सभेत ठराव मतदानाला आला तर सर्वांनी, विशेषतः दुसऱ्या पिढीनं, हजर राहावं ही विनंती.