निवृत्तिवेतनातील ऐच्छिक अंशदान

निवृत्तिवेतनातील ऐच्छिक अंशदान म्हणजे नोकरी लवकर सुटल्यानंतर किंवा मध्ये खंड पडल्यानंतर भावी निवृत्तिवेतन वाढावे म्हणून व्यक्तीने स्वतःहून भरलेली रक्कम होय. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याची राहिलेली वर्षे अशा भरण्याने काही मर्यादेत भरून काढता येतात. भारतात खासगी क्षेत्रातील संघटित कामगारांना लागू असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये ही सोय नाही.

ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. तिच्या निधीत मालकाच्या अंशदानातून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून १.१६ टक्के रक्कम जमा होते. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम या निधीत जात नाही. ती पूर्णपणे भविष्य निर्वाह निधीत जाते. बाराऐवजी जास्त टक्के कापून घेणे (ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी) हाही बचतीचाच प्रकार असून त्याने मासिक निवृत्तिवेतन वाढत नाही. या दोहोंची गल्लत नेहमी होते. शिवाय ही कपात नोकरी चालू असेपर्यंतच करता येते.

== दहा वर्षांची अट ==
मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने साडेनऊ वर्षांची सेवाही पुरते. या अटीचा अर्थ मावळ तालुक्यात स्पष्ट दिसतो. तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात २००८ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये ते थांबले. आरंभापासून तेथे असलेल्या कामगाराची सेवा बारा वर्षांची भरते. २०१२ मध्ये पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याची मात्र आठच. उरलेली दोन वर्षे पैसे भरून विकत घेता येत नाहीत. ती योजना लागू असलेल्या दुसऱ्या आस्थापनेत काम करूनच पूर्ण करावी लागतात. त्यासाठी पूर्वीची सेवा जोडून घेणे किंवा योजना प्रमाणपत्र घेणे आवश्यक असते. निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतल्यास ती सेवा हिशेबातून जाते, आणि नोकरी सुटलेल्या घरात नेमका हाच मोह होतो. लोणावळ्यातील हंगामी हॉटेल कामगारांची सेवा अनेक ठिकाणी विखुरलेली असते, म्हणून त्यांनाही हा मुद्दा लागू पडतो. कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो.

== लवकर आणि उशिरा निवृत्तिवेतन ==
दहा वर्षे पूर्ण केलेल्या सदस्यास वयाच्या ५० व्या वर्षापासून निवृत्तिवेतन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. सूत्र सरळ आहे: निवृत्तिवेतनपात्र वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. १५,००० रुपये वेतन आणि १५ वर्षांची सेवा असल्यास ५८ व्या वर्षी दरमहा सुमारे ३,२१४ रुपये मिळतात, ५७ व्या वर्षी सुमारे ३,०८६. रक्कम महागाईशी जोडलेली नसल्याने ही घट आयुष्यभर राहते. अंशदान न करता केवळ ५८ पर्यंत थांबणे हाच येथे सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

ऐच्छिक अंशदानाच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद २०१६ मधील आहे. नोकरीत असलेला सदस्य ५८ नंतर निवृत्तिवेतन ६० व्या वर्षापर्यंत लांबवू शकतो. पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते. या काळात अंशदान चालू ठेवल्यास ती सेवाही धरली जाते. लवकर निवृत्त झालेल्यास मात्र याचा उपयोग नाही.

== इतर मार्ग ==
अटल पेन्शन योजनेत (२०१५) प्रवेशाचे वय १८ ते ४० असल्याने पंचेचाळिशीत काम सुटलेल्यास ती बंद असते. १ मे २००९ पासून सर्व नागरिकांस खुल्या झालेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत स्वतः अंशदान करता येते. तेथील निवृत्तिवेतन बाजारातील परताव्यावर आणि वार्षिकीच्या दरावर अवलंबून असते. त्याची हमी सरकार देत नाही.