कान्येते खोऱ्यांतील कापूस

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाचा किनारा म्हणजे जवळजवळ निर्जळ वाळवंट. अँडीज पर्वतांतून उतरणाऱ्या नद्यांच्या कांठीं काय ती हिरवळ. लीमा शहराच्या दक्षिणेस कान्येते नदीचें असेंच एक खोरें आहे. १९२० नंतरच्या दशकांत तेथील शेतकऱ्यांनीं ऊंस सोडून कापूस धरला. सभोंवार वाळवंट असल्यामुळें हें खोरें बेटासारखें एकाकी; तेथें जें बरेंवाईट घडेल त्याचें कारण फार दूर शोधावयास नको. म्हणूनच कीडनियंत्रणाच्या इतिहासांत या लहानशा मुलखाचें नांव वारंवार येतें.

प्रारंभीं सोमलाचे क्षार आणि तंबाखूंतील निकोटिन यांवर काम भागे. १९४३ ते १९४८ या काळांत हेक्टरी सुमारें ४६६ ते ५९१ किलो कापूस निघे. १९४९ मध्यें मावा व बोंडें पोखरणारी अळी (वऱ्हाडच्या शेतकऱ्यास परिचित अशा बोंडअळीचीच ही नातलग) यांनीं उत्पन्न ३६६ किलोंवर आणलें. शेतकरी हवालदिल झाले. डी. डी. टी., बी. एच. सी., टॉक्साफीन हीं नवीं औषधें महायुद्धानंतर बाजारांत आलीं होतीं. तीं त्यांनीं मुक्तहस्तें वापरलीं. फळही तत्काळ दिसलें. १९५४ सालीं उत्पन्न ७२८ किलोंवर गेलें. विमानांतून सबंध खोऱ्यावर औषध पडूं लागलें आणि विमानांस अडथळा नको म्हणून झाडें तोडण्यांत आलीं. झाडांबरोबर त्यांवर घरटीं करणारे पक्षीही गेले. किडे टिपणारें हें सैन्य आजवर बिनपगारी राबत होतें, याची आठवण त्या भरभराटींत कोणास व्हावी ?

परंतु १९५२ मध्येंच बी. एच. सी. माव्यास बाधेनासें झालें होतें. विष पचवून जे कीटक वांचत, त्यांचीच प्रजा पुढें वाढे. उलट किडींवर जगणारे भुंगेरे व सूक्ष्म परोपजीवी माश्या मात्र त्याच विषानें नष्ट झाल्या. पूर्वीं ज्यांची कोणी गणती करीत नसे अशा किडी त्यामुळें प्रबळ झाल्या. शेजारच्या खोऱ्यांत, जेथें हीं औषधें पोहोंचलीं नव्हतीं, तेथें त्यांचा उपद्रव नव्हता. दोन फवाऱ्यांमधील अंतर आठ-पंधरा दिवसांवरून तीन दिवसांवर आलें, खर्च फुगला, आणि १९५५-५६ च्या हंगामांत पीक ३३२ किलोंवर कोसळलें. इतकें औषध ओतूनही पीक १९४९ पेक्षां कमी !

तेव्हां शेतकऱ्यांनीं स्वतःच्या प्रयोगकेंद्राच्या सल्ल्यानें स्वतःसच नियम घालून घेतले व सरकारनें त्यांस कायद्याचें बळ दिलें. नवीं औषधें विशेष परवानगीवांचून बंद झालीं. फरदड ठेवण्यास मनाई झाली, कारण हंगाम संपल्यावरही कीड तिच्या आश्रयानें जगे. पेरणीच्या तारखा ठरल्या. बाहेरच्या खोऱ्यांतून उपकारक कीटक आणून सोडण्यांत आले. हें सारें एकट्या-दुकट्यानें करून भागत नसतें. एकाचें शेत मोकळें राहिलें तर दहांचें व्रत वायां जातें.

पुढच्याच हंगामांत उत्पन्न ५२६ किलोंवर आलें आणि नंतरच्या वर्षांत ७२४ ते १,०३६ किलोंच्या दरम्यान राहिलें. ‘एकात्मिक नियंत्रणा’ची शास्त्रीय मांडणी कॅलिफोर्नियांतील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन यांनीं १९५९ मध्यें केली, तेव्हां कान्येतेचे शेतकरी आपल्या नियमांचे तीन हंगाम पाहून चुकले होते.